तो देवळात येत नाही

मुंबईच्या उपनगरांतल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत चर्चला ‘देऊळ’ म्हणण्याची रीत आहे. मरोळ, गोराई, मनोरी, पलीकडे वसईतही. इथल्या जुन्या कॅथलिक समाजातली, म्हणजे ईस्ट इंडियन आजी ‘देवळात जाऊन येते’ म्हणाली की ती मिस्सेला निघालेली असते. म्हणूनच घरातल्या तरुणाने ख्रिस्ती श्रद्धा सोडली, तर ‘त्याने धर्म सोडला’ असे अशा घरांत सहसा कुणी म्हणत नाही. ‘तो आता देवळात येत नाही,’ एवढेच म्हणतात. यातले क्रियापद ऐकण्यासारखे आहे. ‘जात नाही’ नव्हे, ‘येत नाही’. बोलणारी बाई स्वयंपाकघरात उभी असली तरी मनाने ती देवळातल्या बाकावर बसलेली आहे, शेजारची जागा रिकामी आहे आणि तिचे लक्ष दाराकडे आहे. जाणाऱ्यांबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या शंका, त्यांचे वाचन, त्यांचे बंड. बाकावर मागे राहिलेल्या माणसाची मात्र फारशी कुणी विचारपूस करत नाही. फादर म्हणतात, प्रार्थना करा. शेजारी म्हणतात, लग्न झाले की येईल ताळ्यावर. दोन्हींत सद्भाव आहे, पण दुखणे नेमके काय आहे हे दोघांनीही पाहिलेले नसते.

मला वाटते, त्या दुखण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक दुःख आणि दुसरा अपमान. ज्या प्रार्थनेने मुलाला झोपवले ती त्याला आता पोकळ वाटते, हे दुःख. आणि आपण दिलेले त्याने परत केले, चारचौघांत आपले संगोपन कमी पडल्याचे दिसले, पूर्वजांनी ज्याच्यासाठी सोसले ते त्याने टाकून दिले, हा अपमान. यातल्या दुःखावर इलाज नाही. अपमानावर आहे, आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला तो बाहेरून आणावा लागत नाही. त्याच्या स्वतःच्या इतिहासात तो आहे. कारण हा समाजच कुणीतरी काहीतरी सोडून आल्यामुळे उभा राहिला. मराठीने त्या सोडून येणाऱ्यांसाठी एक धारदार शब्द घडवला होता: ‘बाटला’. त्या शब्दाखाली किती आयांची रडारड गाडली गेली आहे, ते आज ख्रिस्ती घरांत कुणाला आठवत नाही. आठवले, तर रिकाम्या बाकाकडे बघण्याची नजर बदलेल.

आधी कागद पाहू. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्याचा ठसा आत्म्यावरून पुसता येत नाही. म्हणूनच तो संस्कार दुसऱ्यांदा देता येत नाही. धर्मग्रामाच्या नोंदवहीत चढलेले नाव तिथेच राहते. १९८३च्या धर्मविधिसंहितेत विवाहाच्या संदर्भात ‘विधिवत कृतीने ख्रिस्तसभा सोडणे’ अशी एक तरतूद होती. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ साली तीही काढून टाकली. म्हणजे मुलगा कितीही जोराने ‘मी सोडले’ म्हणाला, तरी देवळाच्या कपाटातली वही ‘हा आमचा’ असेच म्हणत राहणार. राज्यघटनेची वही मात्र वेगळी बोलते. सप्टेंबर २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक विलक्षण अर्ज आला होता. अर्जदार येशूला मानत होते, पण ख्रिस्ती किंवा अन्य कोणत्याही धर्माचे म्हणवून घ्यायला तयार नव्हते. सरकारी राजपत्रात ‘कोणताही धर्म नाही’ अशी नोंद त्यांना हवी होती आणि शासकीय मुद्रणालयाने ती नाकारली होती. न्यायालयाने सांगितले की घटनेच्या पंचविसाव्या कलमातले सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य म्हणजे आपल्याला धर्म नाही असे म्हणण्याचेही स्वातंत्र्य, आणि कुणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडता येणार नाही. मागे राहिलेल्या आईला या दोन्ही वह्यांचा थोडा थोडा आधार घेता येतो. एक वही तिच्या आशेला जागा देते, दुसरी मुलाच्या शब्दाला वजन देते. घोटाळा होतो तो पहिल्या वहीने दुसरी खोडायला निघाले की. ‘तू काहीही म्हण, तू कॅथलिकच,’ हे मायेने म्हटले जाते. ऐकणाऱ्याला ते ‘तुझे म्हणणे आम्ही मोजत नाही’ असे ऐकू येते.

आता इतिहास. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत. डोंगरात कोरलेले शिवाचे देऊळ. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याच गुहेचे प्रार्थनाघर केले आणि वर मठ व विद्यालय बांधले. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, आणि गुहा पुन्हा शिवाची झाली. आज आत शिवलिंग आहे, एका भिंतीवर कोरलेला क्रूस आहे आणि वर मठाचे अवशेष. इतक्यांदा धर्म बदललेला खडक शेजारी असताना आपल्या घराण्याचा विश्वास अनादी काळापासून चालत आला आहे, असे बोरिवलीत तरी कुणी म्हणू नये. साष्टीतल्या, म्हणजे या उपनगरांच्या भागातल्या, पूर्वजांचे धर्मांतर कसे झाले, याचे उत्तर गोड नाही. त्यात उपदेश होता, मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, सत्तेचा दाबही होता. यावर कुणी म्हणेल की मग सदसद्विवेकबुद्धीचा गौरव कशाला करता, आमचे आजोबा काही पुस्तक वाचून ख्रिस्ती झाले नव्हते. आक्षेप खरा आहे. पण माझ्या लेखी या समाजाचे खरे धर्मांतर सोळाव्या शतकातले नाहीच. ते १७३९ नंतरचे आहे. गोरे पाद्री बहुतेक निघून गेले, राज्य मराठ्यांचे झाले, ख्रिस्ती राहण्यात फायदा उरला नाही. काही घराणी परत गेली. बाकीची राहिली. १७७४च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत साडेतीन दशके हे लोक कुणाच्याही बंदुकीशिवाय, गोव्याकडच्या व इथल्या धर्मगुरूंच्या हाताने आपली मिस्सा ऐकत राहिले. जायचा रस्ता मोकळा असताना राहिले, म्हणून तो विश्वास त्यांचा झाला. ज्यांना या राहण्याचा अभिमान आहे (आणि तो असावा), त्यांना हेही मान्य करावे लागते की रस्ता मोकळा नसता तर त्या राहण्याला काही किंमत नसती.

अंधेरीत सीप्झच्या कुंपणाच्या आत, जुन्या कोंडिवटे गावच्या जागेवर, संत जॉन बाप्टिस्टचे पडके देऊळ आहे. जेझुइटांनी ते १५७९ साली बांधले. १८४०च्या सुमारास साथीच्या रोगामुळे गावकऱ्यांनी ती जागा सोडली आणि मरोळला नवे देऊळ उभारले. जाताना त्यांनी वेदी, मूर्ती आणि बाप्तिस्म्याचे कुंड बरोबर नेले. सोडून जाणारा माणूस सगळे टाकून जातो, ही आपली समजूत किती कच्ची आहे ते अशा गोष्टींवरून कळते. श्रद्धा सोडणारेही बरेच काही उचलून नेतात. मुंबईतल्या कितीतरी नास्तिक कॅथलिकांची दुसऱ्याच्या आजारपणात धावून जाण्याची सवय, रांगेत उभे राहण्याची शिस्त, चार आवाजांत गाण्याचा कान, एवढेच काय त्यांचा अपराधीपणासुद्धा, सगळे देवळातून नेलेले असते. आईला ते ओळखता आले पाहिजे. मात्र ओळखल्यावर ‘बघ, तू अजून ख्रिस्तीच आहेस’ असा विजयी पुकारा करू नये. नेलेली वस्तू आता त्याच्या घरची आहे.

सोडून जाणाऱ्याच्या मागे राहण्याविषयी मराठीत एक पुस्तक असे आहे की त्याच्या तोडीचे दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल का, याची मला शंका आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आपण ते विनोदासाठी वाचतो, संसारासाठी वाचतो, ख्रिस्ती वाचक ते एका धर्मांतराची कथा म्हणून वाचतो. ते उलट्या दिशेने वाचून पाहावे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई कर्मठ ब्राह्मण घरातल्या, पदरी लहान मूल असलेल्या बाई होत्या. आजच्या मरोळच्या किंवा मुलुंडच्या ख्रिस्ती आईच्या जागी तेव्हा त्या होत्या. ज्या धर्मात आपले सगळे जगणे गुंफले आहे तो आपल्या माणसाने टाकला, गावाला तोंड दाखवायची सोय उरली नाही, आणि माणसावरची माया मात्र तसूभर कमी होत नाही. पाचेक वर्षे नवरा-बायको कधी दूर, कधी जवळ असे राहिले. पत्रे चालू राहिली, भांडणे चालू राहिली. पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे आल्या त्याही सोवळे सांभाळून. धर्म दोन आणि घर एक, अशी ती व्यवस्था होती. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण तो टिळकांनी वादात जिंकल्यामुळे नव्हे. माणसामाणसांतली शिवाशीव खोटी आहे हे त्यांचे त्यांना उमगले, म्हणून. ख्रिस्ती वाचकाला हा शेवट आवडतो, साहजिक आहे. माझे म्हणणे, शेवटचे पान क्षणभर झाकून ठेवावे. समजा लक्ष्मीबाई जन्मभर हिंदू राहिल्या असत्या. मधल्या वर्षांतला तो संबंध, ती ओढाताण, ते वेगळेपणासकट जवळ राहणे कमी मोलाचे ठरले असते का? आपल्याला शिकायचे आहे ते त्या मधल्या वर्षांतूनच. आणि टिळकांचे पुढचे पाऊलही विसरू नये. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती कवीला आत आणि बाहेर यांच्यामधली भिंत इतकी पातळ हवी होती.

टिळकांच्या आधीच्या काळात कायद्यालाही हा प्रश्न पडला होता. धर्म सोडल्याबद्दल कुणाचा मालमत्तेवरचा हक्क जाऊ नये, असा १८५०चा एकविसावा कायदा इंग्रज सरकारने केला. त्याचा सर्वांत मोठा लाभ ख्रिस्ती होणाऱ्यांना मिळाला, आणि कर्मठांनी त्याविरुद्ध गदारोळ केला. ज्या ख्रिस्ती समाजात त्या काळी आलेल्यांनी त्या छत्राखाली वडिलांच्या घरातला वाटा टिकवला, त्याच समाजातल्या बापाने आज श्रद्धा सोडलेल्या मुलाला ‘माझ्या घरात राहायचे तर रविवारी मिस्सेला यायचे’ असे सुनवावे, यात मला इतिहासाचा थट्टेखोरपणा दिसतो.

यावर खरा, गंभीर आक्षेप असा आहे: आजोबांचे सोडणे आणि नातवाचे सोडणे सारखे नाही. विश्वास ठेवणाऱ्याच्या दृष्टीने आजोबा अंधारातून उजेडात आले आणि नातू उजेडातून अंधारात चालला आहे. दोन्हींना एकच माप लावणे म्हणजे सत्य-असत्यातला फरकच पुसणे. शिवाय प्रश्न आत्म्याच्या तारणाचा आहे. जिला मुलगा नरकाच्या काठावर दिसतो तिला ‘त्याच्या विवेकाचा मान राख’ हे सांगणे पुस्तकी नाही का? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आईची भीती खरी असते. पण मी सत्य दोन आहेत असे म्हणत नाही. सत्यापर्यंत पोहोचण्याची रीत एकच आहे, आणि ती सक्तीची नाही, एवढेच म्हणतो. हे माझे पदरचेही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा काढला, त्याचा गाभा हाच आहे: श्रद्धेची कृती मुळातच मुक्त असते. त्याच दिवशी मंजूर झालेल्या दुसऱ्या दस्तऐवजात, आधुनिक जगातल्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात, नास्तिकतेची चर्चा आहे आणि तिच्या जन्मात श्रद्धावंतांचाही वाटा कमी नसतो अशी कबुली आहे. वाईट शिकवण, वाईट वागणूक यांनी देवाचा चेहरा झाकला जातो, असे तिथे बिशपांनीच मान्य केले. म्हणजे रिकाम्या जागेकडे बघताना नुसते ‘तो का गेला’ विचारायचे नसते, आपल्या बाकावर त्याने काय पाहिले असेल हेही विचारायचे असते. धर्मशिक्षणाच्या रविवारच्या वर्गात त्याच्या प्रश्नाला मिळालेले ‘असे विचारायचे नसते’ हे उत्तर कदाचित त्याच्या अजून लक्षात असेल.

अशा वेळी हटकून दोन गोष्टी सांगितल्या जातात, उधळ्या पुत्राची आणि संत मोनिकाची. दोन्ही अर्धवट सांगितल्या जातात. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तीन दाखले लागोपाठ येतात. मेंढरू हरवते, मेंढपाळ शोधायला जातो. नाणे हरवते, बाई दिवा लावून घर झाडते. मुलगा जातो, आणि बाप कुठेही जात नाही. शोध नाही, निरोप नाही, मागून धाडलेला नोकर नाही. मेंढराला आणि नाण्याला स्वतःची इच्छा नसते, मुलाला असते. तिसऱ्या दाखल्यातला बाप हा भेद जाणतो. तो वाटणी करून देतो आणि घरी राहतो. हा दाखला श्रद्धा सोडलेल्याला लावताना आणखी एक अन्याय होतो. तो मुलगा पैसे उधळायला गेला होता. आपला मुलगा कदाचित खरे बोलायला गेला आहे. न मानता गुडघे टेकणे त्याला लबाडी वाटली. त्याला उधळ्या म्हटले की संवाद तिथेच संपतो.

मोनिकेची गोष्ट तर फारच गुळगुळीत करून टाकली आहे. मुलांसाठी रडणाऱ्या आयांची ती पाठीराखी, आणि तिच्या अश्रूंनी तिचा मुलगा, पुढचा संत ऑगस्टिन, परत आला, एवढेच आपल्याला माहीत असते. ऑगस्टिनने स्वतः लिहून ठेवले आहे की तो मानी या धर्मप्रवर्तकाच्या पंथात गेल्यावर मोनिकेने पहिल्यांदा त्याला घरात आणि जेवणाच्या पंगतीला घ्यायलाच नकार दिला होता. मग तिला एक स्वप्न पडले आणि तिने त्याला पुन्हा पंगतीला घेतले. स्वप्नाचा अर्थ मुलाने आपल्या बाजूने लावला: तूच एक दिवस माझ्याकडे येशील. ती ताडकन उत्तरली की स्वप्नात तसे म्हटले नव्हते. मी जिथे आहे तिथे तू असशील, असे म्हटले होते. ऑगस्टिन म्हणतो की स्वप्नापेक्षा तिच्या या हजरजबाबाचाच त्याच्यावर जास्त परिणाम झाला. पुढे तिने एका बिशपला गळ घातली की माझ्या मुलाशी वाद घालून त्याला पटवा. तो बिशप लहानपणी स्वतः त्याच पंथात वाढला होता. त्याने साफ नकार दिला. आता त्याला असू द्या, वाचता वाचता त्याचे त्याला कळेल, असे सुचवले. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला आणि त्याच वर्षी मोनिका वारली. पण वर्षानुवर्षे, परत येण्याची काही खात्री नसताना, माय-लेक एका ताटाशी बसून एकमेकांना उत्तरे देत होते, हा भाग प्रवचनातून गळतो. मोनिकेने आधी पंगत परत दिली. श्रद्धा परत आली की नाही, ते नंतरचे.

दुसरा आक्षेप संख्येचा. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ०.९६ टक्के. उपनगरांतली गावठाणे इमारतींनी वेढली आहेत, विहिरी बुजल्या आहेत. अशा वेळी एकेक माणूस गेला तरी खड्डा पडतो, आणि ‘विवेकाचा मान’ वगैरे बहुसंख्यांना परवडणारी चैन आहे, असे समाजातले जाणते लोक म्हणतात. मला त्यांची धास्ती कळते. पण भीतीने माणसे राखायला निघालेला समाज शेवटी पोलिसांकडे जातो. २०१२ साली विलेपार्ल्याला इर्ल्याच्या चर्चजवळ एका क्रूसातून पाणी ठिबकू लागले, गर्दी जमली. सनल इडमरुकू या विवेकवाद्याने ते तुंबलेल्या नळीचे पाणी भिंतीतून वर चढते आहे असे दाखवले. त्यावर भावना दुखावल्याच्या तक्रारी भारतीय दंड संहितेच्या २९५अ कलमाखाली दाखल झाल्या आणि तो माणूस फिनलंडला निघून गेला. क्रूसातल्या पाण्याचा प्रश्न त्याने विचारला, तसाच तो अंधेरीतल्या एखाद्या कॅथलिक घरात अकरावीतल्या मुलीनेही विचारला असेल. तक्रारींतून तिने काय उचलले असेल? संख्येचे दुखणे मोठे आहेच, आणि त्यात कायद्याचाही वाटा आहे. अनुसूचित जातींच्या १९५०च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती सवलतींना मुकतात, आणि त्यामुळे कुणी कागदावर एक आणि मनात एक असे जगत असेल, तर त्याला विश्वासघातकी म्हणण्याआधी तो आदेश वाचावा.

तर मग घरात करायचे काय? वाद जेवताना घालू नये, हे पहिले. प्रतिवादाची पुस्तके उशाशी ठेवू नयेत. त्याने ती वाचलेली असतात. नातवंडाचा बाप्तिस्मा हा बहुतेक घरांतला सगळ्यात नाजूक प्रश्न. आईबाप दोघेही नको म्हणत असताना आजीने बाळाला मोरीत नेऊन गुपचूप डोक्यावर पाणी घालण्याच्या गोष्टी उपनगरांत हसत सांगितल्या जातात. धर्मविधिसंहितेचे ८६८वे कलम सांगते की प्राणावर बेतले नसेल तर निदान एका पालकाची संमती हवी, आणि मूल श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा हवी. आजीच्या मायेपेक्षा इथे कायदा शहाणा आहे. उलट काही गोष्टी अशा आहेत की तिथे विश्वासाची परीक्षा घ्यायची गरजच नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, भाताच्या नव्या लोंब्या देवळात आणतात. लग्नाआधी बँड लावून विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणतात. इंद्याल आणि फुगे हे पदार्थ आहेत. बाटली मसाला कुटायला कुणालाही बाप्तिस्म्याचा दाखला लागत नाही. या गोष्टी धर्माच्या की जातीच्या की गावाच्या, याचा निकाल अभ्यासकांनी लावावा. श्रद्धा सोडलेल्याला त्यांत बोलवावे. आणि बोलावल्यावर ‘आता प्रार्थनेलाही थांब’ असे दारात पुटपुटू नये. जाणाऱ्यावरही एक कर्ज राहते, ते मी विसरत नाही. आई जपमाळ ओढत असताना त्याने कुत्सित हसू नये. तिच्या मेजावर जेवण्याआधीच्या प्रार्थनेला गप्प उभे राहिल्याने त्याची नास्तिकता बाटत नाही. (शब्द मुद्दाम वापरला.)

तो परत आला तर? तेही सोपे नसते. १८४३ साली मुंबईत नारायण आणि श्रीपत शेषाद्री परळीकर या दोन ब्राह्मण भावांचे प्रकरण गाजले. नारायणने बाप्तिस्मा घेतला आणि तो पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री म्हणून जालन्याकडे काम करत राहिला. अल्पवयीन श्रीपतला न्यायालयाने मिशनऱ्यांकडून काढून वडिलांच्या हवाली केले. पण घरी आलेल्या त्या मुलाला जातीत घ्यायला कर्मठ तयार होईनात. बाळशास्त्री जांभेकरांना त्यासाठी झगडावे लागले, रोष पत्करावा लागला. पोर परत हवे म्हणून न्यायालयापर्यंत गेलेला समाज, ते परत आल्यावर त्याला पाटावर बसू देईना. ख्रिस्ती घरांनी यातून एवढेच घ्यावे की परतणाऱ्याकडून माफीनामा लिहून घेण्याची तयारी आधीपासून करून ठेवू नये.

मागे राहिलेल्या माणसाचा आणखी एक दाखला देतो आणि थांबतो. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. लवकरच ही धर्मकन्या त्रैक्याविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी प्रश्न विचारू लागली. एका पुरोहितशाहीचे जू नुकतेच झुगारलेली बाई दुसरे जू मानेवर घ्यायला तयार नव्हती. सिस्टर दुखावल्या. त्यांनी रमाबाईंना अहंकारी ठरवले, समजावले, दटावले, विनवले. रमाबाईंनी प्रत्येक पत्राला तोलामोलाचे उत्तर दिले आणि आपल्याच वाटेने गेल्या. रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नव्हता, हे खरे. पण जेराल्डिनबाईंना जे हवे होते ते त्यांनी सोडले होते, आणि एका जोगिणीला ते दुःख पुरेसे होते. वाद त्या हरल्या, असे आज वाचणाऱ्याला वाटते. तरी संबंध त्यांनी तोडला नाही, आणि ती सगळी पत्रे, त्यांना निरुत्तर करणारी रमाबाईंची पत्रेसुद्धा, त्यांनीच जपून ठेवली आणि संकलित केली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने मुंबईत ती पुस्तकरूपाने छापली. संपादन अ. भि. शहा यांचे होते, जे इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक होते.